वारसनोंद व मिळकत-कर अपील

वारसनोंद व मिळकत-कर अपील : मृत व्यक्तीच्या जमिनीच्या वा घराच्या शासकीय अभिलेखात तिच्या कायदेशीर वारसांची नावे दाखल करण्याच्या प्रक्रियेस ‘वारसनोंद’ म्हणतात. घर, इमारत वा मोकळी जागा यांवर स्थानिक संस्थेने आकारलेल्या कराविरुद्ध कायद्याने नेमून दिलेल्या प्राधिकाऱ्याकडे मागितलेल्या दादीस ‘मिळकत-कर अपील’ म्हणतात. हे दोन विषय निरनिराळ्या अधिनियमांखाली येत असले, तरी व्यवहारात ते पुष्कळदा एकत्रच उपस्थित होतात. कुटुंबप्रमुखाच्या मृत्यूनंतर सातबारा उतारा व घरपट्टीची पावती या दोहोंवर त्याचेच नाव राहिलेले असते, आणि मिळकतीवरील हक्क व कराचे दायित्व ही एकाच वेळी वारसांकडे येतात.

या विषयाचे मर्म एका भेदात आहे. अभिलेखात नाव लागल्याने मालकी उत्पन्न होत नाही व नाव न लागल्याने ती नष्टही होत नाही. मृत्युपत्र नसेल तर वारसाहक्क मृत्यूच्या क्षणीच कायद्याने प्राप्त होतो. तथापि भूसंपादनाची भरपाई, पीककर्ज, शासकीय अनुदान व खरेदी-विक्री हे सर्व व्यवहार अभिलेखातील नावाच्या आधारे चालतात. त्यामुळे ज्याचे नाव गळते, त्याचा हक्क कायद्याने शाबूत असूनही प्रत्यक्षात हातचा जाण्याचा संभव असतो. विधवा, विवाहित कन्या आणि पूर्वमृत पुत्राची विधवा व अपत्ये यांच्या बाबतीत हा संभव विशेष असतो. म्हणून कोणती दाद कोणाकडे व किती मुदतीत मागावयाची, याचे ज्ञान या विषयात मूळ हक्काइतकेच महत्त्वाचे ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : जुन्या मुंबई इलाख्यात रयतवारी पद्धतीच्या जमीन मोजणीस पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यापासून प्रारंभ झाला. १८३६ ते १८३८ या काळात गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी तेथे केलेली मोजणी व आकारणी पुढील कामास नमुना ठरली. त्या काळी अभिलेखाचा मुख्य हेतू सारा कोणाकडून वसूल करावयाचा हे ठरविणे एवढाच होता. जमिनीत कोणाचा कोणता हक्क आहे, हे नोंदविणारा स्वतंत्र अधिकार अभिलेख १९०३ च्या अधिनियमाने अस्तित्वात आला आणि १९१३ मध्ये त्या तरतुदी मुंबई जमीन महसूल संहितेत समाविष्ट करण्यात आल्या. सध्या महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हा अधिनियम लागू असून तो १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आला. अधिकार अभिलेखाच्या तरतुदी त्याच्या दहाव्या प्रकरणात असून नोंदवह्या ठेवण्याची रीत १९७१ च्या नियमांत दिलेली आहे. दिवाणी न्यायालयाकडून वारस दाखला मिळविण्याची तरतूद याहूनही जुनी, म्हणजे मुंबई विनियम ८, १८२७ मधील असून ती अद्याप वापरात आहे.

अभिलेखातील नाव व जमिनीशी असलेला प्रत्यक्ष संबंध यांतील अंतराचे परिणाम मुळशी तालुक्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच अनुभवले आहेत. मुळशी येथील धरणासाठी टाटा कंपनीने जमिनी संपादन केल्या, तेव्हा १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे इत्यादींच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. बाधित जमिनींपैकी बऱ्याच जमिनी पुण्यातील सावकारांच्या नावे होत्या. त्यांच्यापैकी अनेकांना रोख भरपाई घेणे सोयीचे वाटले; जमीन कसणाऱ्या मावळ्यांचे मात्र गाव व निर्वाह ही दोन्ही गेली. कुळ व सावकार यांचा तो प्रश्न वारसाहक्काहून निराळा असला, तरी भरपाईचा पैसा नोंदीतील नावाकडे जातो, हा त्यातील धडा आजही लागू पडतो.

कासारसाई व परिसर : कासारसाई हे पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील, मावळ तालुक्याच्या सीमेलगतचे गाव. येथील मातीच्या धरणामुळे व कासारसाई-दारुंब्रे येथील श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखान्यामुळे ते परिसरात परिचित आहे. तालुक्याचे मुख्य ठिकाण पौड होय. जवळच हिंजवडी येथे माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिल्यापासून या पट्ट्यातील भातखाचरांच्या व माळरानांच्या किमती पालटल्या. २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची स्थापना झाली, तर मावळ व मुळशी तालुक्यांतून जाणाऱ्या पुणे वर्तुळाकार रस्त्यासाठीही भूसंपादन हाती घेण्यात आले.

जमिनीस केवळ शेतसाऱ्यापुरते महत्त्व होते, तोवर आजोबांचे नाव दोन पिढ्या तसेच राहिले तरी फारसे बिघडत नसे. भाऊ आपापल्या वहिवाटीप्रमाणे जमीन कसत आणि माहेरवाशिणी हक्काचा उच्चार करीत नसत. एका गुंठ्याचीही किंमत मोठी झाल्यावर हीच जुनी नोंद वादाचे मूळ ठरते. दुसरीकडे शेतघर, गोदाम, कुक्कुटपालनाची शेड, भाड्याच्या खोल्या अशी बांधकामे वाढल्याने घरपट्टीच्या आकारणीविषयीचे आक्षेपही वाढतात. कासारसाईसारखे महानगराच्या कडेचे गाव या दोन्ही प्रश्नांचे प्रातिनिधिक उदाहरण मानता येईल.

वारस कोण : वारसनोंद महसुली कायद्याखाली होत असली, तरी वारस कोण हे मृत व्यक्तीच्या वैयक्तिक कायद्याने ठरते. हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांना हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागू होतो. ख्रिस्ती व पारशी यांना भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो. तर मुस्लिम व्यक्तीच्या बाबतीत मुस्लिम कायद्यातील हिस्से विचारात घेतात.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारल्यास त्याची स्वकष्टार्जित मिळकत प्रथम वर्ग १ च्या वारसांना मिळते. त्यांत विधवा, पुत्र, कन्या, माता व पूर्वमृत अपत्यांच्या शाखा यांचा समावेश होतो. कन्या विवाहित की अविवाहित, याने हिश्श्यात फरक पडत नाही. उदा., दोन हेक्टर स्वकष्टार्जित जमीन असलेला खातेदार वारला व त्याच्या मागे विधवा, दोन पुत्र, एक विवाहित कन्या आणि पूर्वमृत पुत्राची विधवा व मुलगा असा परिवार असला, तर जमिनीचे पाच समान हिस्से होतात. विधवा, प्रत्येक पुत्र व कन्या यांना प्रत्येकी ४० आर, आणि पूर्वमृत पुत्राच्या शाखेस एकत्रित ४० आर, म्हणजे त्याची विधवा व मुलगा यांना प्रत्येकी २० आर जमीन मिळते. या कुटुंबात केवळ दोन पुत्रांची नावे लागली, तर पाचपैकी तीन हिस्से अभिलेखातून अदृश्य होतात.

वडिलोपार्जित म्हणजे सहदायकी मिळकतीत कन्येचे स्थान टप्प्याटप्प्याने दृढ झाले. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून, त्यावेळी अविवाहित असलेल्या कन्यांना सहदायकाचा दर्जा दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून अंमलात आलेल्या केंद्रीय दुरुस्तीने तो सर्व कन्यांना मिळाला. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी असा निर्णय दिला, की कन्येचा हा हक्क जन्मसिद्ध असून त्यासाठी पिता २००५ मध्ये हयात असणे आवश्यक नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी कायदेशीर रीत्या झालेली वाटणी अथवा हस्तांतरण त्यामुळे रद्द होत नाही.

नामनिर्देशन व वारसाहक्क यांतही फरक आहे. सहकारी संस्थेतील भाग वा बँकेतील ठेव यांसाठी नेमलेली व्यक्ती सामान्यतः ती रक्कम वारसांच्या वतीने स्वीकारते. केवळ त्या नेमणुकीने इतर वारसांचा हक्क संपत नाही.

नोंदीची पद्धत : वारसाने अथवा अन्य मार्गाने जमिनीत हक्क संपादन करणाऱ्याने त्याची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्यास द्यावी, असे संहितेचे कलम १४९ सांगते. तलाठी या पदास २०२४ पासून ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे नाव देण्यात आले आहे. वर्दी तोंडी वा लेखी देता येते आणि तिची लेखी पोच देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. वारस अज्ञान असल्यास पालकाने वर्दी द्यावयाची असते. तीन महिने उलटल्याने वारसाहक्क बुडत नाही. उशिरा दिलेल्या वर्दीचीही नोंद घ्यावी लागते.

अर्जासोबत मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे, वये, पत्ते व मृताशी असलेले नाते दर्शविणारे प्रतिज्ञापत्र आणि सातबारा व खाते उतारा जोडतात. हा अर्ज तलाठी कार्यालयात किंवा ‘ई-हक्क’ या संगणकीय प्रणालीवरून करता येतो. अर्जाची नोंद प्रथम गाव नमुना ६-क म्हणजे वारसा प्रकरणांच्या नोंदवहीत होते. पोलीस पाटील, सरपंच वा गावातील जाणत्या व्यक्ती यांच्याकडे स्थानिक चौकशी केल्यावर मंडल अधिकारी वारसांविषयी आदेश देतो. त्यानंतर गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद लिहून सर्व हितसंबंधितांना नोटीस बजावतात व चावडीवर तिची प्रत लावतात. हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. हरकत न आल्यास मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच गाव नमुना ७ मध्ये व गाव नमुना ८-अ या खातेदारांच्या नोंदवहीत वारसांची नावे येतात. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा उपलब्ध झाल्याने नोंदीची स्थिती घरबसल्या पाहता येते.

व्यवहारात तीन दोष वारंवार आढळतात. पहिला, प्रतिज्ञापत्रात विवाहित बहिणींची किंवा पूर्वमृत भावाच्या कुटुंबाची नावेच न देणे. दुसरा, ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ अशा संक्षिप्त शेऱ्याने केवळ थोरल्या भावाचे नाव ठेवणे. पुढील पिढीत हा शेरा विस्मरणात जाऊन ती जमीन त्या एकट्याचीच समजली जाते. तिसरा, बहिणींची नावे खातेदार म्हणून न घेता ‘इतर हक्क’ या रकान्यात घालणे. कायद्याने त्या सहधारक असल्याने ती जागा त्यांची नव्हे. बहिणीस आपला हिस्सा स्वेच्छेने सोडावयाचा असल्यास तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे लागते. साध्या कागदावरील संमती, तोंडी कबुली अथवा कोऱ्या कागदावर घेतलेली सही ही त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

मृत खातेदारांची नावे वर्षानुवर्षे तशीच राहिल्याने राज्य शासनाने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ ही मोहीम हाती घेतली. अशा मोहिमेत काम जलद होते. परंतु वारसांची यादी अपुरी दिली गेल्यास चुकीची नोंदही तितक्याच जलद होते. म्हणून बाहेरगावी राहणाऱ्या वारसांनी फेरफार स्वतः पाहणे इष्ट ठरते.

हरकत, अपील व पुनरीक्षण : नोटिशीच्या मुदतीत लेखी हरकत आल्यास प्रकरण गाव नमुना ६-अ म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. उभय पक्षांस ऐकून व पुरावा पाहून त्याचा निर्णय शक्यतो एका वर्षात करावा, असे संहितेत म्हटले आहे. या टप्प्यावर साध्या कागदावर दिलेली एक मुद्देसूद हरकत, नंतरच्या अनेक वर्षांच्या अपिलापेक्षा अधिक परिणामकारक ठरू शकते.

नोंद प्रमाणित वा नामंजूर झाल्यावर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते. त्यासाठी कलम २५० प्रमाणे साठ दिवसांची मुदत असते. अशा अपिलांस महसूल खात्यात ‘आर. टी. एस. अपील’ म्हणतात. त्यापुढे अपर जिल्हाधिकाऱ्याकडे दुसरे अपील, कलम २५७ प्रमाणे पुनरीक्षण आणि अखेरीस उच्च न्यायालयात रिट अर्ज असा क्रम आहे. नोटीस न मिळाल्याने वा अन्य पुरेशा कारणाने मुदत टळली असल्यास विलंब क्षमापित करण्याचा अर्ज अपिलासोबत देता येतो. त्यात नोंदीची माहिती प्रथम केव्हा व कशी झाली, हे तारखेसह सांगावे लागते. नावाच्या स्पेलिंगातील वा क्षेत्रातील केवळ लेखनदोष असल्यास अपिलाची गरज नसते. कलम १५५ खाली तहसील कार्यालयाकडे दुरुस्तीचा अर्ज पुरतो. मात्र गाळलेला वारस दाखल करणे ही लेखनदोषाची दुरुस्ती नव्हे.

महसुली नोंद व दिवाणी हक्क : अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावी, असे कलम १५७ सांगते. हे अनुमान पुराव्यापुरते आहे. फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही वा संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सवर्णी विरुद्ध इंदर कौर (१९९६) व बलवंत सिंग विरुद्ध दौलत सिंग (१९९७) या खटल्यांत स्पष्ट केले. मृत्युपत्राच्या आधारे मागितलेला हक्क विवादित असल्यास तो दिवाणी न्यायालयातच सिद्ध करावा लागतो, असे जितेंद्र सिंग विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात त्याच न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. भावाच्या नावे नोंद झाली, म्हणून बहिणीने निराश होण्याचे कारण नाही. आणि महसुली अपील जिंकले, म्हणून वाद कायमचा मिटला असेही नाही. हिस्सा, मृत्युपत्राचा खरेपणा, दत्तकविधान, दुसऱ्या विवाहाची वैधता असे प्रश्न उपस्थित असल्यास दिवाणी न्यायालयात वाटपाचा अथवा हक्क ठरवून मागण्याचा दावा करणे हाच योग्य मार्ग होय. वाद चालू असता जमीन विकली जाण्याची भीती असल्यास तात्पुरता मनाई हुकूम मागता येतो. महसुली कार्यालयातच दीर्घकाळ झगडत राहणाऱ्या पक्षकाराची दिवाणी दाव्याची मुदत दरम्यान निघून जाऊ शकते, हा यातील मोठा धोका आहे.

वारसांत वाद नसून केवळ वाटप हवे असल्यास कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. वारस कोण याविषयी अधिकृत दाखला हवा असल्यास १८२७ च्या विनियमाखाली दिवाणी न्यायालयाकडे अर्ज करतात. १९२५ च्या अधिनियमाखालील उत्तराधिकार प्रमाणपत्र हे त्याहून निराळे असून ते येणे रकमा व रोखे यांपुरतेच उपयोगी पडते. जमिनीसाठी ते मागणे निरर्थक ठरते. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. पण त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या असणे आवश्यक आहे.

ग्रामपंचायतीची घरपट्टी व अपील : गावातील इमारती व जमिनी यांवरील कर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ खाली आकारला जातो. त्याचा तपशील १९६० च्या कर व फी नियमांत असून आकारणी यादी दर चार वर्षांनी सुधारतात. पूर्वी काही काळ इमारतीच्या क्षेत्रफळावर कर बसवीत असत. उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर ३१ डिसेंबर २०१५ रोजी नियम दुरुस्त करून भांडवली मूल्यावर आधारित आकारणी सुरू करण्यात आली. तीत जमिनीचे क्षेत्र व वार्षिक मूल्यदर, बांधकामाचे क्षेत्र, त्याचा प्रकार, वयोमानानुसार घसारा व वापराचा भारांक यांवरून मूल्य काढतात आणि दर हजार रुपये मूल्यामागे ठराविक पैसे या दराने कर ठरवितात. आकारणी गाव पातळीवरील नमुना ८ मध्ये, तर मागणी नमुना ९ मध्ये नोंदलेली असते. ग्रामसेवकाच्या पदास २०२४ पासून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे नाव आहे.

नवी यादी जाहीर झाल्यावर सूचनेत दिलेल्या मुदतीत ग्रामपंचायतीकडे लेखी आक्षेप नोंदविणे ही पहिली पायरी होय. ‘कर फार झाला’ एवढे म्हणणे आक्षेपास पुरत नाही. मोजमापात चूक आहे, दगड-मातीचे घर सिमेंट काँक्रीटचे दाखविले आहे, राहत्या घरास व्यापारी वापराचा भारांक लावला आहे, घसारा दिलेला नाही किंवा मूल्यदर चुकीच्या विभागाचा घेतला आहे, अशा स्वरूपाची नेमकी कारणे द्यावी लागतात. नमुना ८ चा उतारा, बांधकामाचा नकाशा, छायाचित्रे व जुन्या पावत्या हा त्यासाठी उपयुक्त पुरावा होय. आकारणीने व्यथित झालेल्या व्यक्तीस पंचायत समितीकडे व त्यापुढे जिल्हा परिषदेकडे अपील करता येते. मुळशी तालुक्यासाठी पंचायत समितीचे कार्यालय पौड येथे आहे.

वारसांच्या दृष्टीने घरपट्टीचे दोन विशेष आहेत. मृताच्या नावे राहिलेली थकबाकी मिळकतीबरोबर पुढे चालते. म्हणून नावात बदल करून घेताना थकबाकीचा हिशेब तपासून घ्यावा लागतो. दुसरे असे, की घरपट्टी भरल्याची पावती किंवा नमुना ८ चा उतारा हा मालकीचा पुरावा नव्हे. ती केवळ करदायित्वाची व फार तर ताब्याची खूण होय. धाकटा भाऊ वीस वर्षे घरपट्टी भरीत आला, एवढ्यावरून घर त्याचे होत नाही. गावठाणातील घरांच्या हक्काचा अभिलेख पूर्वी अनेक गावी नव्हता. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनद्वारे प्रायोगिक मोजणी झाली व २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने ‘स्वामित्व’ योजना सुरू केली, तेव्हापासून गावठाणांच्या मिळकतपत्रिका तयार होऊ लागल्या. अशा पत्रिकेवर प्रथमच नाव लागत असताना सर्व वारसांची नावे येतात की नाही, हे पाहणे अगत्याचे असते.

महानगरपालिका हद्दीतील फरक : गाव शहराच्या हद्दीत आल्यास करविषयक दादीचा मार्ग बदलतो. मुळशी तालुक्यातील म्हाळुंगे, सूस व बावधन बुद्रुक ही गावे २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. तेथे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू होतो. प्रथम आयुक्ताकडे तक्रार व तिचा निकाल लागल्यावर कलम ४०६ प्रमाणे न्यायाधीशाकडे अपील, असा क्रम आहे. अपिलाची मुदत केवळ पंधरा दिवसांची असून विवादित कराची रक्कम आधी भरावी लागते. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने एका वर्षाच्या आत महानगरपालिकेस हस्तांतरणाची सूचना द्यावयाची असते. ग्रामीण पद्धतीची सवय असलेल्या कुटुंबांची मुदत नव्या हद्दीत चुकण्याचा संभव म्हणूनच अधिक असतो.

विधिसाहाय्य : वारसनोंदीचा मूळ अर्ज, हरकत आणि घरपट्टीवरील आक्षेप यांसाठी वकील आवश्यक नाही; सामान्य साक्षर व्यक्तीस ही कामे करता येतात. अपील, पुनरीक्षण व दिवाणी दावा या टप्प्यांवर मात्र कायदेशीर साहाय्याची गरज भासते, आणि खर्चाच्या भीतीने दुर्बल वारस तेथेच थांबतो.

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अंतर्भूत झालेला अनुच्छेद ३९-अ हा आर्थिक दुर्बलतेमुळे कोणी न्यायास वंचित राहू नये, असा निदेश राज्यास देतो. त्यास अनुसरून झालेला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. त्याच्या कलम १२ खाली स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार व आपद्ग्रस्त यांना, तसेच विहित उत्पन्नमर्यादेतील इतरांना मोफत विधिसेवा मिळते. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. सधन घरातील, पण हाती स्वतःचा पैसा नसलेल्या विधवेस किंवा बहिणीस हा हक्क म्हणूनच मोलाचा आहे. या अधिनियमातील ‘न्यायालय’ या शब्दाच्या व्याख्येत महसुली न्यायालये व न्यायिकवत् अधिकार वापरणारे प्राधिकारीही येतात. त्यामुळे उपविभागीय अधिकाऱ्यापुढील अपिलासाठीही वकील मागता येतो. ही गोष्ट फारशी परिचित नाही. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करतात.

कुटुंबातील वाद आपसात मिटण्याजोगा असल्यास लोकन्यायालयाचा मार्ग उपयुक्त असतो. तेथील निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासमान मानला जातो, त्याविरुद्ध अपील होत नाही व न्यायालयात भरलेली फी परत मिळते. मात्र निवाडा अंतिम असल्याने आपला हिस्सा किती हे कळल्यावाचून तडजोडीवर सही करणे हितावह नाही. भावाबहिणींतील तडजोडीत नात्याचा दाब असतो. म्हणून प्रत्येक पक्षास स्वतंत्र सल्ला मिळणे, हे अशा तडजोडीच्या न्याय्यतेचे गमक होय.

वारसाहक्काचा कायदा गेल्या सात दशकांत, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, बराच पुढे गेला. नोंदवह्यांचे संगणकीकरणही झाले. या दोहोंमधील दुवा मात्र अद्याप वारसांनी दिलेली नावांची यादी हाच आहे. ती यादी पूर्ण असणे, नोटिशीच्या पंधरा दिवसांत ती तपासली जाणे आणि चुकल्यास योग्य प्राधिकाऱ्याकडे मुदतीत जाणे, या तीन गोष्टींवर कायद्याने दिलेला हिस्सा प्रत्यक्षात पदरी पडणे अवलंबून असते. [⟶ उत्तराधिकार, जमीन महसूल, दिवाणी कायदा].